शिदोरीतील पाणी

मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोईसर हे गाव आहे. जवळच्या तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि २०१३ साली उपनगरी लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. या सर्व घडामोडींचा एक परिणाम असा झाला, की या परिसरात रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. पहाटेची गाडी पकडणारा महाविद्यालयाचा विद्यार्थी, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, पाड्यावरून पायी किंवा एस.टी.ने शाळेत येणारी नववीतील मुलगी आणि पावसाळ्यात भाताच्या आवणीला जाणारी बाई, या सर्वांजवळ काही ना काही शिदोरी असतेच.

डब्यात काय न्यावे याविषयी घरोघरी रोज चर्चा होते. परंतु डबा भरल्यापासून तो उघडेपर्यंत किती तास जाणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पहाटे साडेपाचला भरलेला डबा साडेबाराला उघडला, तर अन्न सात तास बंद राहिले. हे सात तास त्या अन्नात काय घडते, ते आधी पाहू. कोणता पदार्थ कोणत्या प्रसंगी न्यावा, हे मग बरेचसे आपोआपच ठरते.

शिजवलेल्या अन्नात जीवाणू नसतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जीवाणूच म्हणा ना. भात शिजताना पाणी उकळते, तरी हे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात व वाढू लागतात. त्यांतील काही जाती असे विष तयार करतात, की ते पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होऊ शकतात. दुसरा एक जीवाणू, ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’, आपल्या नाकात व त्वचेवर, विशेषतः पिकलेल्या जखमेत असतो. उकडलेले बटाटे हातांनी सोलताना व कुस्करताना तो अन्नात उतरतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा उपाय दर वेळी लागू पडेलच असे नाही.

या जीवाणूंच्या वाढीचा वेग किती? अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. तुम्हीच गणित करून पाहा. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट होणे आले. एका जीवाणूपासून आरंभ केला तर २ चा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४ जीवाणू होतात. प्रत्यक्षात सुरुवातीचा काही वेळ ते वाढीची तयारी करण्यात घालवतात, त्यामुळे संख्या याहून कमी राहते. पण आरंभही एकाच जीवाणूने होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सर्वपरिचित आहे: शिजवलेले अन्न ५ अंश सेल्सियसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे, आणि साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. नियम उत्तमच. परंतु बोईसरहून निघालेल्या विद्यार्थ्याच्या दप्तरात शीतकपाट नसते, आणि मे महिन्यातील दुपार त्याच्या सोयीसाठी थंड होत नाही. तेव्हा तापमान आपल्या हाती नाही असे धरून चालू. मग हाती काय उरते? पाणी आणि आंबटपणा.

जीवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. ते नुसते असून भागत नाही, ते त्यांना घेता आले पाहिजे. मुरंब्यात पुष्कळ पाणी असते, तरीही तो वर्षभर टिकतो. कारण त्यातील साखरेने पाणी जणू धरून ठेवलेले असते. मीठही हेच काम करते. अन्नातील असे मोकळे, जीवाणूंना घेता येण्याजोगे पाणी किती आहे हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ० ते १ असे माप वापरतात. शुद्ध पाण्याचे माप १. ताजी मासळी व शिजलेला भात यांचे माप जवळजवळ तेवढेच असते. बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. वर सांगितलेला स्टॅफिलोकॉकस अधिक चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी त्याहूनही कोरड्या अन्नावर येते. मात्र ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजंतू वाढत नाही.

हे तत्त्व डोळ्यांनी पाहायचे असेल तर सातपाटी, डहाणू अशा कोळ्यांच्या वस्तीत पावसाळा सरल्यावर एक चक्कर मारा. बांबू रोवून बांधलेल्या दोरांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. ताज्या बोंबलाच्या वजनाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाणी असते. दहा किलो बोंबलांत घन भाग एक किलोच. वाळवून पाण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणले, तर उरणारे वजन १ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १.१८ किलो भरते. ताजा बोंबील काही तासांतच खराब होऊ लागतो. तोच वाळला म्हणजे महिनोन्महिने टिकतो, आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. भाजलेला सुका जवळा, लसूण व मिरची यांची कोरडी चटणी आणि नागलीची किंवा तांदळाची भाकरी, ही या भागातील शेतमजुरांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आणि कोळ्यांची जुनी शिदोरी आहे. शहरी पाहुणे तिच्या वासाने नाक मुरडतात. पण सहा-सात तास बंद राहणाऱ्या डब्याचा विचार केला, तर पाण्याच्या दृष्टीने तिच्यात बदल सुचवण्यासारखे फारसे काही नाही.

आता भाकरीकडे पाहू. भाकरी काही सुक्या बोंबलासारखी कोरडी नसते, तिच्या आत पुष्कळ पाणी असते. मग ती दिवसभर कशी टिकते? तवा आणि विस्तव यांवर तिचे दोन्ही पृष्ठभाग कडक तापतात व कोरडे होतात. तेथील जंतू मरतात, आणि नंतर हातावरून वा हवेतून जे येतात त्यांना कोरड्या पापुद्र्यावर पाणी मिळत नाही. मात्र हीच भाकरी वाफ निघत असताना डब्यात कोंबली, तर झाकणाच्या आतल्या बाजूस थेंब जमतात, ते भाकरीवर ठिबकतात, पापुद्रा मऊ पडतो आणि सगळा फायदा वाया जातो. म्हणून आपल्या आज्या भाकऱ्या टोपलीत, फडक्यावर पसरून ठेवत. पोळीचेही तसेच. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी ही प्रवासाची खास पोळी. दुधातील स्निग्धांशामुळे ती मऊ राहते. (पाण्याऐवजी दूध घालण्यामागे सोवळ्या-ओवळ्याचाही विचार होता, पण तो आपला आजचा विषय नव्हे.)

कोकणपट्टीत ज्याच्याविषयी सावध राहायला हवे असा पदार्थ म्हणजे ओल्या खोबऱ्याची चटणी. ओले खोबरे, पाणी, हाताचा वा मिक्सरचा स्पर्श, आणि शिजवणे मुळीच नाही! जीवाणूंना याहून सोयीचे घर मिळणे कठीण. मधल्या सुट्टीपर्यंत दोन तासच जाणार असतील तर हरकत नाही. त्याहून अधिक वेळ असेल तर सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे यांच्या कोरड्या चटण्या न्याव्यात. मोड आलेल्या कडधान्यांचेही असेच. पोषणाच्या दृष्टीने ती उत्तम खरी, पण मोड येण्याच्या उबदार, ओलसर अवस्थेत जीवाणूही वाढतात. ती वाफवून, लिंबू पिळून न्यावीत व पहिल्या सुट्टीतच संपवावीत.

लिंबाचा उल्लेख आला, तेव्हा आंबटपणाविषयी सांगितले पाहिजे. आम्लता वाढली, म्हणजे सामू ४.६ च्या खाली उतरला, की रोग पसरवणाऱ्या बहुतेक जीवाणूंची वाढ खुंटते. लोणचे टिकते ते मीठ, तेल आणि आम्ल यांच्या एकत्रित जोरावर. भातच न्यायचा असेल तर साध्या भातापेक्षा चिंचेचा किंवा लिंबाचा भात बरा, तोही पसरून झटपट निववलेला. मात्र लिंबाचे चार थेंब शिंपडले म्हणजे सगळा भात आंबट झाला असे समजू नका. आम्ल प्रत्येक शितापर्यंत पोचावे लागते. दहीभात न्यायचा तर दूध अधिक व विरजण थोडे असा गोड दहीभात न करता चांगले आंबट दही वापरावे.

एवढा वेळ आपण अन्न टिकण्याविषयी बोललो. परंतु टिकते ते सारे पौष्टिक असते असे नाही. टिकण्याच्या बाबतीत बिस्किटांचा पुडा कोणत्याही भाकरीला हरवील! तेव्हा पोषणाचाही हिशेब मांडू.

शाळेतील मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ती आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नववीत गेल्यावर खिचडीचे ताट थांबते, आणि नेमक्या याच वयात शरीराची गरज वाढलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० व मुलीला २,४०० किलोकॅलरी, म्हणजे बोलीभाषेत तेवढे उष्मांक लागतात. दोघांनाही १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. लोह मुलाला २२ मिलिग्रॅम, तर मुलीला ३० मिलिग्रॅम हवे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. वर्गात दुपारी डोळे जड होणारी प्रत्येक मुलगी आळशी नसते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

दोन डबे शेजारी ठेवून पाहू. पहिल्यात शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटे आहेत. त्यांपासून सुमारे ४५० उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि वजनाचा जवळजवळ चौथा भाग साखर असते. दुसऱ्यात शंभर ग्रॅम नागलीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या व वीस ग्रॅम शेंगदाण्यांची कोरडी चटणी आहे. उष्मांक सुमारे ४२५, म्हणजे जवळजवळ तितकेच. प्रथिने मात्र १२ ग्रॅमच्या आसपास, आणि एकट्या नागलीतून सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते. शिवाय धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळी व कडधान्ये भरून काढतात. अनेक धान्ये व डाळी भाजून दळलेल्या भाजणीचे थालीपीठ हा याच तत्त्वावरचा पदार्थ आहे. फुटाण्यांच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग प्रथिने असतात, ते कोठेही मिळतात व खिशात मावतात. त्यांच्याइतका स्वस्त आणि निर्धोक खाऊ शोधून सापडणार नाही.

लोहाचा प्रश्न थोडा अवघड आहे. गूळ खा म्हणजे रक्त वाढते, असे सर्रास सांगितले जाते. दहा ग्रॅम गुळात लोह फार तर अर्धा मिलिग्रॅम असते. गरज तीस मिलिग्रॅमची! गुळाची चिक्की खावी ती तिच्यातील शेंगदाण्यांसाठी व तिळांसाठी. धान्य-कडधान्यांत लोह असते, पण आतड्यात ते सहज शोषले जात नाही. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असले तर शोषण वाढते, आणि चहा असला तर घटते. म्हणून डब्यात लिंबाची फोड, आवळ्याचा तुकडा किंवा एक पेरू असावा, आणि डब्यासोबत चहा पिण्याची सवय असेल तर दोन्हींत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीलाही चहाबाबतचा हाच नियम लागू आहे. मासे-मटण खाणाऱ्यांना त्यातून मिळणारे लोह अधिक सुलभपणे शोषले जाते, ही सुकटीच्या बाजूने आणखी एक गोष्ट.

निरनिराळ्या प्रसंगांचे काय? परीक्षेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये, पोट तडस भरू नये, नेहमीचेच थोडे खावे. यापलीकडे त्यात फारसे शास्त्र नाही. खेळांच्या दिवशी केळे व पाणी उत्तम. केळे, पेरू, संत्रे ही फळे निसर्गाने स्वतः बांधून दिलेली शिदोरी आहे. साल काढेपर्यंत आतला गर सुरक्षित. डहाणू-घोलवडचे चिकू मात्र पिकल्यावर दप्तरात तग धरत नाहीत. तिकडे चिकूच्या वाळवलेल्या चकत्या मिळतात, त्या प्रवासाला बऱ्या. उकडलेले अंडे न्यायचे असेल तर सोलून नेऊ नका. सोललेल्या अंड्याला हात लागतो आणि त्याचे संरक्षणही जाते.

सहलीचा प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पालघरजवळच्या काळदुर्गावर किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर सहल निघाली, की हमखास बटाटेवडे, सँडविच किंवा पुलाव यांचा बेत ठरतो. पहाटे चारला शंभर जणांचे बटाटे सोलायचे, सारण मोठ्या पातेल्यात गरमच झाकून ठेवायचे, आणि दुपारी एकला वाटायचे! मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी अन्न तासन् तास कोमट राहते, आणि त्याहून मोठी अडचण अशी, की एकाच्या हातावरची जखम शंभर जणांच्या पोटात जाते. त्यापेक्षा प्रत्येकाने घरून भाकरी-पोळी, थालीपीठ किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणाव्यात, आणि शाळेने चिक्की, फुटाणे व केळी पुरवावीत. हे जेवण कदाचित कमी रुचकर वाटेल; ज्यांनी सहलीवरून परतताना आजारी मुलांनी भरलेली बस पाहिली आहे ते शिक्षक तसे म्हणणार नाहीत.

रात्रभराच्या प्रवासाला भडंग, चिवडा, कोरडे लाडू हेच खरे. आपल्या गोष्टींतील ‘तहानलाडू-भूकलाडू’ या कल्पनेत भूकलाडूचा भाग शास्त्राला धरून आहे. भाजलेले पीठ, तूप आणि गूळ यांत मोकळे पाणी अगदीच थोडे. तहानलाडू मात्र कोणालाही बांधता आलेला नाही, तेव्हा पाण्याची बाटली हवीच.

पावसाळ्यात हे सारे हिशेब थोडे चुकतात. समुद्रकाठची दमट हवा कोरड्या पदार्थात पाणी परत भरते. कुरमुरे सादळतात ते यामुळेच. डब्याचे झाकण घट्ट हवे. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी येते आणि त्यांतील एक जात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष बनवते. ते भाजल्याने पुरते जात नाही. कडवट, सुरकुतलेला, रंग पालटलेला दाणा निवडून टाकावा, ‘एकाने काय होते’ म्हणू नये.

बांधणीविषयी दोन शब्द. वर्तमानपत्राच्या कागदात वडा किंवा भजी देणे ही आपली जुनी सवय. छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम तेलात उतरतात, म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली या सवयीविरुद्ध सूचना काढली. त्यापेक्षा धुतलेले केळीचे पान बरे. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या वा कल्हई गेलेल्या पितळी डब्यात ठेवू नयेत. स्टेनलेस स्टीलचा डबा सर्वांत सोयीचा. झाकणाला रबरी कडे असेल तर ते काढून धुवावे. त्या खाचेत कालच्या डब्याचे जीवाणू आजच्या डब्याची वाट पाहत असतात.

आता एक प्रयोग. प्रयोगशाळेतील ० ते ११० अंशांचा तापमापक घ्या. ताप मोजण्याचा घेऊ नका, तो फुटेल. एकसारखे दोन स्टीलचे डबे घ्या. एकात नुकताच शिजलेला भात भरून लगेच झाकण लावा. तितकाच भात ताटात पसरून वीस मिनिटांनी दुसऱ्या डब्यात भरा. दर अर्ध्या तासाला झाकण क्षणभर उघडून दोन्हींच्या मध्यभागाचे तापमान नोंदवा व आलेख काढा. ६० अंशांखाली उतरल्यापासून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्रत्येक डब्याला किती वेळ लागला ते आलेखावरून वाचा. प्रत्येक वेळी झाकणाच्या आतील थेंबही पाहा. हा भात खाऊ नये.

दुसरा प्रयोग आठवडाभराचा. भाकरीचे तीन सारखे तुकडे घ्या. पहिला तव्यावर कडक होईपर्यंत पुन्हा भाजा, दुसरा तसाच ठेवा, तिसऱ्यावर पाण्याचे पाच थेंब टाका. प्रत्येक तुकडा वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि रोज एकाच वेळी बाहेरूनच निरीक्षण करा. पिशव्या उघडायच्या नाहीत, शेवटी तशाच टाकून द्यायच्या. बुरशीचा पहिला ठिपका कोणत्या तुकड्यावर, कितव्या दिवशी दिसला ते लिहा. हाच प्रयोग एकदा जानेवारीत व एकदा जुलैत करून दोन्ही तक्ते वर्गात शेजारी लावा, आणि तक्त्यावर त्या दिवसांचे तापमान लिहायला विसरू नका.